प्लॅन काय हाय?

भरे गावाच्या माळावर रविवारी दुपारी चार वाजता फुटबॉलचा सामना सुरू व्हायचा. त्याआधी पाचेक मिनिटे एक प्रश्न विचारला जायचा. प्रश्न तोच, विचारणारे तेच. उत्तर मात्र दर रविवारी वेगळे असायचे.

"मास्तर, प्लॅन काय हाय?"

विचारणारे नामदेव मरगळे, म्हणजे नामूतात्या. वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्याकडे बत्तीस शेळ्या होत्या आणि त्या ते स्वतःच चारायला नेत. मास्तर म्हणजे धूमकेतू फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक विक्रम. मास्तर हे नाव तात्यांनीच ठेवलेले. विक्रमने आयुष्यात कुणालाही काही शिकवले नव्हते आणि तात्यांच्या मते त्यात धूमकेतूचे खेळाडूही आले.

मी त्या काळात पुण्यातल्या एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो आणि भऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. तालुक्यातल्या आठ गावांची फुटबॉल लीग नुकतीच सुरू झाली होती. तिची दर रविवारी चार ओळींची बातमी जायची. त्या चार ओळींत बसणार नाही असे बरेच काही माळावर घडत असे आणि त्यातले बहुतेक तात्यांच्या आसपास घडत असे.

तात्यांची जागा ठरलेली होती. आपल्या गोलाच्या मागे, थोड्या उंचवट्यावर, उजव्या पायावर उभे. डाव्या पायाचा तळवा उजव्या गुडघ्याला टेकवलेला, हनुवटी काठीवर, खांद्यावर घोंगडी. पूर्ण सामना ते असे एका पायावर पाहत. माळावर मध्यंतरात संघ बाजू बदलत नसत; तात्या पाय बदलत. प्रेक्षकांत नव्या इमारतींत राहायला आलेले आयटीवाले असत. त्यांतल्या एकाने एकदा काळजीने खुर्ची आणून दिली. तात्यांनी तिच्यावर घोंगडी ठेवली आणि उभेच राहिले.

त्यांना कुणी फुटबॉल दाखवला नव्हता. फुटबॉलच त्यांच्याकडे आला होता. माळावर शेळ्या चरत असताना धूमकेतूच्या एका खेळाडूने मारलेला चेंडू चांदी नावाच्या शेळीच्या पोटावर बसला. चांदी ही कळपाची म्होरकी, म्हणजे पुढे चालणारी. तात्या चेंडू काखेत मारून मैदानात आले. मुलांना वाटले, आता शिव्या. तात्यांनी विचारले, "कुणी मारला?"

एकाने हात वर केला.

"कुणाला दिला हुता?"

त्याने बाकीच्यांकडे पाहिले. बाकीच्यांनी चांदीकडे.

"न्हाई, कुणाला तरी दिला आसंल की. शेळी मधी आली, ते जाऊ द्या. जायचा कुणाकडं हुता?"

"असाच मारला, तात्या."

"असाच?" तात्यांनी चेंडूकडे पाहिले. "आरं, मग चांदीलाच दिला म्हण. तेवढंच तिला बरं वाटंल."

चेंडू त्यांनी परत दिला, पण त्या दिवसापासून ते पाहायला लागले. पाहिले त्यावरून त्यांचे मत पहिल्या महिन्यातच पक्के झाले आणि पुढे ते बदलले नाही. ते असे: "कळपात तिघं महत्त्वाची. म्होरं एक आन् कडंला दोन. बाकीची त्यांच्या भरवशावर चरत्यात. ह्यांच्यात समदीच म्होरकी. कडंला कुणी न्हाई."

हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. धूमकेतूचे खेळाडू वाईट नव्हते. काही गावातले होते, काही पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला आलेले. पळायला सगळे तयार. फक्त सगळे एकाच ठिकाणी पळत. चेंडू डावीकडे गेला की दहाजण डावीकडे आणि उजवीकडचे अर्धे मैदान मोकळे. बांधावर बसलेले पन्नास-साठ लोक ओरडून घसा बसवून घेत. कुणी म्हणे पास दे, कुणी म्हणे मार, कुणी नुसताच कपाळाला हात लावे. निम्मे लोक पुढच्या रविवारी येणार नाही असे सांगून जात आणि पुढच्या रविवारी येत. तात्या ओरडत नसत. ते फक्त काठीने उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे दाखवत आणि शेजारी कोण असेल त्याला म्हणत, "तितलं गवात बगा कसं वाढलंय. कुणाचा पायच पडला न्हाई चार महिनं."

विक्रमची अडचण वेगळी होती. त्याच्याकडे डावपेच नव्हते असे नाही. फार होते. तो आठवडाभर मोबाइलवर परदेशातले सामने पाहायचा आणि रविवारी नवीन काहीतरी घेऊन यायचा. एका रविवारी बचाव करणारे पुढे आणि हल्ला करणारे मागे. दुसऱ्या रविवारी समोरच्याच्या गोलापाशीच चेंडू हिसकावायचा. त्यासाठी त्याने एक पांढरा फळा आणला होता. त्यावर निळ्या बाणांच्या इतक्या रेघा असत की शेवटी फळा निळा दिसे. खेळाडू मान डोलावत आणि मैदानात जाऊन पूर्वीसारखेच खेळत.

"आज आपण फ्लुइड खेळणार आहोत," असे त्याने एकदा जाहीर केले.

"म्हंजी कसं?" तात्या.

"म्हणजे पाण्यासारखं, तात्या. फिक्स जागा कुणालाच नाही. सगळे सगळीकडं."

"मग सांडणार की."

त्या दिवशी धूमकेतू चार गोलांनी हरला. परत जाताना विक्रम तात्यांच्या शेजारून गेला. तात्यांनी हातातला पाण्याचा तांब्या किंचित कलता केला आणि चार थेंब जमिनीवर सोडले.

विक्रमला राग यायचा, पण त्याने तात्यांना कधी उलट उत्तर दिले नाही. त्याची दोन कारणे होती. एक म्हणजे वय. दुसरे, भूगावच्या संघाशी झालेला सामना.

त्या सामन्याच्या उत्तरार्धात मी तात्यांच्या शेजारी उभा होतो. ते नेहमीसारखे एका पायावर. एकदम पाय खाली आला.

"एक कमी हाय."

"काय कमी?"

"गडी."

मी मोजायला सुरुवात केली. पळणारी माणसे मोजणे सोपे नसते. पहिल्यांदा अकरा आले, त्यात पंच धरला गेला होता. दुसऱ्यांदा दहा. तिसऱ्यांदाही दहाच. तात्यांनी मोजले नव्हते. त्यांनी नुसते पाहिले होते. नंतर मी त्यांना विचारले की हे कसे कळते. ते म्हणाले, "मोजायचं नस्तंय. नजर टाकायची. कमी आसलं तर डोळ्याला खड्ड्यागत लागतंय."

विक्रमला जाऊन सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही. मग त्यानेही मोजले. मग संघाच्या कप्तानाला हाक मारून विचारले. कप्तानालाही माहीत नव्हते. उजव्या बाजूला खेळणाऱ्या सागरला कंपनीची बस पकडायची होती. ती साडेपाचला चौकात यायची. त्याने जाताना शेजारच्याला सांगितले होते. शेजारच्याला वाटले, कोचला सांगितलेच असेल. सागर बुटांसह बसमध्ये बसून पिरंगुटच्या पुढे पोचला होता. धूमकेतू किती वेळ दहाजणांत खेळत होता हे नक्की सांगता येणार नाही. एवढे सांगता येते की त्या दिवशीचा एकमेव गोल त्यांनी त्याच वेळात केला.

"एक गेला तशी गर्दी कमी झाली," तात्या म्हणाले. "आजून दोघांस्नी बस हाय का बगा."

गोलरक्षक बिपुल आसामचा. पिरंगुटला एका कारखान्यात पॅकिंगला होता. तो मराठी समजायचा, बोलायचा हिंदी. तात्यांची जागा त्याच्या गोलाच्या मागेच असल्यामुळे दोघांचा सामनाभर संवाद चाले. तात्यांची हिंदी त्यांनी स्वतः तयार केलेली होती.

"तात्याजी, मैं आगे जाऊँ क्या? बॉल तो इधर आ ही नहीं रहा."

"तू हिलने का न्हाई. तू दार हाय. दार कदी फिरायला जाताय का?"

बिपुल हलायचा नाही. संघात ज्याला आपली जागा ठाऊक होती असा तो एकटाच होता आणि ती तात्यांनी सांगितली होती.

त्या मोसमाच्या शेवटी प्रकरण गंभीर झाले. माळ विक्रमच्या वडिलांचा, बापूंचा. रस्त्याला लागून सपाट जागा. बापूंना तिथे लग्नाचे लॉन काढायचे होते. मुळशी तालुक्यात रस्त्याला लागून सपाट जागा असलेल्या माणसाला दुसरे काही सुचत नाही. फुटबॉलचे वेड पोराचे म्हणून त्यांनी दोन वर्षे थांबून पाहिले होते. आता त्यांनी चावडीसमोर, चारजणांत सांगितले, "लीगमध्ये राहिलात तर आणखी एक वर्ष माळ तुमचा. बाहेर पडलात तर दिवाळीला मांडव."

लीगचा नियम सोपा होता. आठवा येणारा संघ बाहेर. शेवटचा एक सामना उरला होता आणि धूमकेतू आठवा होता. सामना नांद्याच्या संघाशी. बरोबरी झाली तरी एक गुण मिळून धूमकेतू सातवा होणार होता. हरला तर मांडव.

गावात असेही बोलले जायचे की तात्यांना फुटबॉलशी देणेघेणे नाही, माळावरचे गवत जाईल म्हणून त्यांचा जीव वरखाली होतोय. बापू तर तोंडावरच म्हणाले.

"गवात चारी दिशेला हाय, बापू," तात्या म्हणाले. "डोंगर काय तुमी इकला न्हाई अजून. पण ही करमणूक हितंच हाय."

सामन्याच्या आधीच्या बुधवारी विक्रम फळा न घेता तात्यांच्या उंचवट्यावर आला. मी तिथे होतो हे त्याला आवडले नसावे. त्याने एकदा शेळ्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "तात्या, प्लॅन काय आहे?"

तात्यांनी विजयाचा कसलाही भाव दाखवला नाही. त्यांनी एक सपाट दगड पुसून घेतला, जमिनीवरून शेळ्यांच्या वाळलेल्या लेंड्या गोळा केल्या आणि अकरा मोजून दगडावर मांडल्या.

"ही आपली माणसं."

नांद्यासाठी त्यांनी पांढरे खडे घेतले. मग बोटाने एकेक लेंडी सरकवत समजावू लागले. दोन लेंड्या कडेला. त्यांनी काय वाटेल ते झाले तरी कड सोडायची नाही. एक पुढे. बाकीच्यांनी मध्ये, दगडावर एकमेकांपासून काठीच्या टोकाएवढे अंतर सोडून. चेंडू कुठेही जावो, आपली जागा सोडून चार पावलांपलीकडे जायचे नाही.

"एवढंच?" विक्रम.

"एवढंच लई हाय. हे तरी करून दावा."

"पण सागर पुढं गेला तर त्याच्या मागं कोण?"

"तुमी दावा."

विक्रम थोडा घुटमळला. त्याच्या अंगावर पांढरा स्वच्छ टी-शर्ट होता. मग तो उकिडवा बसला आणि दोन बोटांनी एक लेंडी उचलून मागे ठेवली. तात्यांनी ती थोडी उजवीकडे सरकवली. तासाभराने तो उठला तेव्हा त्याची बोटे काळी झाली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात एकच योजना होती.

प्रश्न होता तो मैदानात ती लक्षात राहण्याचा. त्यावरही तात्यांकडे उपाय होता. ते दोन बोटे तोंडात घालून शीळ घालत. शेळ्यांसाठी त्यांच्या तीन शिळा होत्या. दोन तुटक म्हणजे जागेवर थांब. एक वर चढत जाणारी म्हणजे कडेची पुढे. आणि एक लांब, न तुटणारी, म्हणजे सगळी परत. गावातली पोरे या शिळा ऐकतच मोठी झाली होती. संध्याकाळी ती लांब शीळ आली की घरी जायची वेळ झाली, हे त्यांच्या पायांना ठाऊक होते. बिपुल आणि कारखान्यातले बाकीचे खेळाडू तीन दिवसांत शिकले. पहिल्या पाळीच्या आधी, सकाळी, माळावर सराव झाला. तात्या शीळ घालत आणि दहा खेळाडू थांबत, पुढे सरकत, परत येत.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण पुढे तिच्यावरूनच वाद झाला. सरावाच्या वेळी शेळ्या माळावरच होत्या. लांब शीळ वाजली की खेळाडूंच्या आधी त्या परत येत. चांदी पुढे, बाकीच्या मागे, थेट गोलापाशी तात्यांच्या पुढ्यात. दोनदा बिपुल त्यांच्यात अडकला. म्हणजे हे असे होते ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. म्हणूनच सामन्याच्या दिवशी तात्यांच्या पत्नी ठकूबाई शेळ्या घेऊन ओढ्यापलीकडे गेल्या. ओढा माळापासून हाकेच्या अंतरावर आहे. शीळ हाकेपेक्षा लांब जाते. हे कुणाच्या लक्षात आले नाही, किंवा एकाच माणसाच्या लक्षात आले होते.

सामन्याला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा ताज्या मारल्या होत्या. बापू मोटार लावून आत बसूनच पाहत होते. पंच म्हणून शेजारच्या गावातले शाळेचे एक खेळाचे शिक्षक होते. तात्यांची पहिली शीळ ऐकून नांद्याचा कप्तान त्यांच्याकडे धावला.

"सर, तो म्हातारा शिट्टी वाजवतोय."

पंचांनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.

"शिट्टी कुठाय?" पंच म्हणाले. "चला, खेळा."

आणि धूमकेतू खेळला. चेंडू डावीकडे गेला तरी उजवीकडे सागर फक्कीच्या रेघेवर उभा. दोन वर्षांत प्रथमच उजवीकडच्या गवतावर पाय पडला. बांधावर पहिली दहा मिनिटे कुणी ओरडलेच नाही. काय ओरडायचे ते सुचेना. मध्यंतराच्या थोडे आधी वर चढणारी शीळ आली, सागर पुढे पळाला, चेंडू खरोखरच त्याच्याचकडे आला आणि त्याने तो गोलात घातला. बांधावरचे लोक उठले. बापूंच्या मोटारीची काच खाली झाली.

तात्यांनी पाय बदलला.

उत्तरार्धात नांद्याने एक गोल फेडला. एक-एक. सूर्य डोंगराला टेकला आणि मग नांद्याचे खेळाडू लाटेसारखे यायला लागले. धूमकेतूचे पाय थकले होते. थकलेली माणसे जुन्या सवयींकडे वळतात. एकेक जण पुन्हा चेंडूमागे जायला लागला. सहा-सात मिनिटे उरली असताना नांद्याचा एक उंच गडी मधून चेंडू घेऊन सुटला. त्याच्यापुढे बिपुल होता आणि मध्ये कुणी नव्हते.

तात्यांनी लांब शीळ घातली.

खेळाडू परत फिरले. ते वेळेत पोचले नसते. पण ओढ्याच्या बाजूने आधी घंटेचा आवाज आला आणि मग चांदी. तिच्यामागे एकतीस. बांधावरच्या लोकांच्या मधून, फक्कीची रेघ ओलांडून, त्या सरळ आपल्या सवयीच्या जागेकडे निघाल्या. ती जागा गोलापाशी होती. उंच गड्याने मान वर केली तेव्हा त्याच्या आणि गोलाच्या मध्ये बत्तीस शेळ्या उभ्या होत्या, एकमेकींपासून योग्य अंतर सोडून.

त्याने चेंडू मारला. तो चांदीला लागला.

पंचांनी खेळ थांबवला आणि डोक्यावर हात ठेवला. बांधावर माणसे आडवी होऊन हसत होती. नांद्याचे खेळाडू पंचांभोवती गोळा झाले. पंचांनी शेवटी निर्णय दिला: जनावरे बाहेर काढा, चेंडू मध्ये टाकून खेळ पुन्हा सुरू.

"काढतो की," तात्या म्हणाले आणि मैदानात आले.

हे काम त्यांना एका शिळेचे होते. मी ते शंभर वेळा पाहिले होते. त्या दिवशी मात्र त्यांनी शीळ घातली नाही. ते एकेकीपाशी गेले. "कबरे, चल बाय. पाव्हणं खोळंबल्यात." मग टिकलीपाशी. टिकली हलेना, तर तिच्या पायाला काटा लागलाय का ते बसून पाहिले. चारही पाय पाहिले. मोरी बाहेर गेली आणि परत आली, तेव्हा तिची समजूत काढली. चांदीला चेंडू लागला होता, म्हणून तिच्या पोटावरून बराच वेळ हात फिरवला.

"अहो आजोबा, लवकर!" नांद्याचा कप्तान ओरडला.

"जनावर हाय बाबा. त्याला घाई कळत न्हाई."

शेवटची शेळी रेघेबाहेर गेली तेव्हा पंचांना समोरचा गोल दिसत नव्हता. त्यांनी दोन्ही कप्तानांना बोलावले, आकाशाकडे पाहिले आणि सामना संपल्याचे जाहीर केले. एक-एक. धूमकेतू सातवा.

नांद्याचा कप्तान तात्यांपाशी आला. चिडलेला होता, पण हसूही दाबत होता.

"खरं सांगा आजोबा. हा प्लॅन होता ना?"

"छ्या," तात्या म्हणाले. "आमच्याकडं प्लॅन कुटं असतोय? इचार की कुणालाबी."

बातमीदाराने एका माणसाच्या सांगण्यावर थांबायचे नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ठकूबाईंना विचारले. त्या गोठ्यात झाडत होत्या.

"मला शेळ्या वढ्यापल्याड न्यायला सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "नेल्या."

"आणि शीळ आल्यावर?"

"अडवायला कुटं सांगितलं हुतं?"

यापलीकडे माहिती मिळाली नाही. छापून आलेली बातमी चार ओळींचीच होती: अपुऱ्या प्रकाशामुळे सामना थांबवला, बरोबरी. शेळ्यांचे वाक्य मी लिहिले होते, ते कार्यालयात कापले गेले. तात्यांनी बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"शेळ्या कुटं हायेत ह्यात?"

"जागा नव्हती, तात्या. कडेचा भाग कापला."

"म्हंजी तुमच्यातबी कडंला कुणी न्हाई," ते म्हणाले आणि कागद घडी करून परत दिला.

बापूंनी शब्द पाळला. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. त्या वर्षी धूमकेतू पाचवा आला, शेळ्यांशिवाय. विक्रमने फळा घरी ठेवला. सामन्याआधी प्रश्न विचारला जायचाच, पण आता विक्रम उत्तर द्यायच्या आधी खाली वाकून काहीतरी शोधायचा. नव्या प्रेक्षकांना ते काय आहे ते कळत नसे आणि कुणी त्यांना सांगत नसे.

पुढच्या वर्षी माळाच्या पुढच्या अर्ध्या भागावर लॉन झाले. मागचा अर्धा भाग बापूंनी सोडला. का सोडला ते त्यांनी सांगितले नाही. पार्किंगला लागेल, असे म्हणाले. मोटारी नसतात त्या दिवशी तिथे सातजणांचा फुटबॉल चालतो. मी तोवर बदलीवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलो होतो.

तात्यांना शेवटचे पाहिले ते विक्रमच्या लग्नात. लग्न त्याच लॉनवर, दुपारच्या मुहूर्ताचे. धूमकेतूचे जुने खेळाडू आले होते. कुणाचे पोट सुटले होते, कुणाच्या कडेवर मूल होते. बिपुल चाकणला दुसऱ्या कारखान्यात लागला होता, तोही येणार असे ऐकले होते, पण मला दिसला नव्हता. अक्षता पडल्या आणि जेवणासाठी सातशे माणसे एकदम उठली. वाढायची चार टेबले होती. गर्दी सगळी एकाच टेबलापाशी, जिलबीच्या. बाकीची तीन मोकळी. तिथले वाढपी हातात डाव घेऊन इकडे पाहत होते.

तात्या मांडवाच्या मागच्या टोकाला होते. अंदाजाने सांगायचे तर ती जागा जुन्या गोलापासून फार लांब नव्हती. नवे धोतर, गुलाबी फेटा, उजव्या पायावर उभे. आधीपेक्षा वाळले होते. ते बराच वेळ त्या गर्दीकडे पाहत राहिले. मग त्यांनी काठी बगलेत मारली, दोन बोटे तोंडात घातली आणि लांब शीळ घातली.

सनईची रेकॉर्ड चालू होती, तरी ती सगळ्यांना ऐकू आली. सहा-साडेसहाशे माणसांनी नुसती मान वळवली. पण गर्दीतून काही जण ताटासकट मागे फिरले आणि चार-पाच पावले चालल्यावर थांबले, आपण का फिरलो ते न कळून. सागर पार उजव्या कडेला जाऊन उभा राहिला. मांडवाच्या दारातून नुकताच आत आलेला बिपुल खांद्यावरच्या पिशवीसकट दाराच्या मधोमध थांबला, पाय फाकवून. आणि व्यासपीठावर, हार घातलेला, फोटोसाठी उभा असलेला नवरदेव बायकोचा हात सोडून दोन पावले मागे सरकला. ती चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिली. लॉनच्या भिंतीपलीकडून शेळ्यांचे ओरडणे ऐकू आले.

शेजारी उभ्या असलेल्या वाढप्याने घाबरून विचारले, "काय झालं, बाबा? काय पाहिजे का?"

तात्यांनी मांडवावरून एकदा नजर टाकली. फार वेळ लागला नाही.

"काय न्हाई," ते म्हणाले. "अकरा हायेत."

मग ते मोकळ्या टेबलाकडे जेवायला गेले.